शोध बंद करण्याबाबत

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार लिहावा की लिहू नये, यातच सगळी सकाळ गेली. शेवटी लिहितेच. नमस्कार.

अक्षर ओळखलंत का? तेहतीस वर्षांनी ओळखायला लावणं हाही अन्यायच. मी तुमची वहिनी, तुमच्या भावाची दुसरी बायको. अकरा महिने तुमच्या घरात राहिले आणि एका शुक्रवारी दुपारी तुमच्या मणीला कडेवर घेऊन निघून गेले, तीच मी. इथवर वाचून पत्र फाडलंत तरी माझी तक्रार नाही. पण फाडणार नसाल तर पुढचं वाचा.

मणी आता सदतीस वर्षांची आहे. परदेशात असते. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करते. लिफ्ट सुरक्षित आहे असा कागद तिच्या सहीने लागतो. मी इथल्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं आजाऱ्यांच्या फायली सांभाळल्या आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता दोन खोल्यांत एकटी असते. मागे एकदा जिन्यात पडले आणि दीड तास कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मणीने धोशा लावलाय, "आई, आता पुरे झालं, कायमची माझ्याकडे ये." तिने माझ्यासाठी अर्ज केला, तो जवळजवळ मंजूर आहे. अडलंय ते एका कागदापाशी.

त्या देशाचा नियम असा, की अठराव्या वर्षापासून जिथे जिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात, तिथल्या पोलिसांचा दाखला द्यायचा, की या बाईच्या नावावर गुन्हा नाही, तक्रार नाही, चौकशी नाही. इथला दाखला आठ दिवसांत आला, माहेरच्या गावचाही आला. राहिले ते तुमच्याकडचे अकरा महिने. मी पाच महिने लिहून मोकळी झाले असते. पण लग्नाची नोंद तिथेच आहे आणि माझा जन्म फायलींत गेलाय. कागद मरत नाही. कुठल्यातरी कपाटात तो निपचित पडलेला असतो आणि आपण विसरलो की बरोबर उठून बसतो.

तुमच्या भावाने तेव्हा पोलिसांत तक्रार दिली असणार. ती अजून आहे की मिटली, एवढं एकदा जाऊन विचाराल का? त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

हल्ली दुपारी जरा डोळा लागला की मी तुमच्या घरात असते. खिडकीबाहेर धुकं. पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मी एकेक खोली ओलांडत मणीला शोधते आणि दर वेळी घरात एक खोली जास्त भरते.

खाली माझा फोन नंबर देते आहे.

तुमची वहिनी
(तसं म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर)

*

१९ फेब्रुवारी

वहिनी,

अक्षर पाकिटावरच ओळखलं. 'र'ची शेपटी तू अजून तशीच लांब ओढतेस.

फोन नंबर दिलास, पण त्याचा मला उपयोग नाही. उजवा कान गेला, डावा मर्जीचा मालक आहे. फोनवर मला नुसता वारा ऐकू येतो. तेव्हा पत्रच लिहीत जा.

भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. बोटीने जाऊन बोयांचे, म्हणजे समुद्रातल्या तरंगत्या खुणांचे, दिवे बदलायचं काम त्याने त्याआधीच सोडलं होतं. त्रास झाला नाही, झोपेत गेला. तुला कळवायला पत्ता नव्हता. भरती-ओहोटी मोजायच्या नोकरीतून मीही निवृत्त झाले, तरी रोज सकाळी सात वाजता धक्क्यावर जाते आणि पट्टीवर पाणी कितीवर आहे ते वहीत लिहून ठेवते. तिथे आता यंत्र बसवलंय. यंत्राचं आणि माझं पटत नाही, दोन बोटांचा फरक येतो. यंत्र चुकतं.

परवा पोलीस ठाण्यात गेले. दाखल्यांची खिडकी आता वेगळी केली आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी?"

म्हटलं, "भावजयीसाठी."

"म्हणजे तुम्ही नणंद?" त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं. "नणंद भावजयीच्या चारित्र्याचा दाखला मागायला आलेली मी पहिल्यांदाच बघतेय."

मग त्यांनी मला आतल्या साहेबांकडे पाठवलं. जुन्या नोंदी त्यांच्याकडे असतात. भला माणूस आहे, सारखा शिंकत असतो. म्हणाले, "एवढ्या जुन्या वह्या तळघरात आहेत आणि तळघरात मोठ्या भरतीला पाणी शिरतं. काही उरलं असेल याची खात्री नाही." मी विचारलं, "वह्या कितव्या फळीवर आहेत?" ते म्हणाले, "तिसऱ्या." म्हटलं, "मग कोरड्या असतील. चाळीस वर्षांत पाणी दुसऱ्या फळीच्या वर गेलेलं नाही, माझ्याकडे लिहिलेलं आहे." त्यांनी शिंक आवरून माझ्याकडे पाहिलं आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

मणीबद्दल मी काही विचारत नाही. तू लिहिलंस तेवढं वाचलं. पुन्हा वाचलं. लिफ्ट.

आजकाल इथे सकाळी दहापर्यंत धुकं असतं. धक्क्याच्या टोकाला गेलं की मागचं गावही दिसत नाही आणि पुढचं पाणीही दिसत नाही. तिथे उभं राहायला मला आवडतं.

तुझी नणंद

*

२ मार्च

वन्सं,

ते गेल्याचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून नुसती बसून राहिले. रडू आलं नाही, खोटं कशाला लिहू. पण त्यांचा बोटीवरून येतानाचा चेहरा आठवला, वाऱ्याने लाल झालेला. आल्यावर तासभर ते कोणाशी बोलत नसत. मणीने ते तिथूनच उचललं असेल, असं मला नेहमी वाटायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणूनच सांगते.

मणीला समज नसलेल्या मुलांच्या त्या संस्थेत सोमवारी नेऊन सोडायचं ठरलं होतं. दोन दिवसांचा प्रवास आणि वर्षातून एकदा भेट. चार वर्षांची मुलगी बोलत नाही म्हणजे तिला काही कळतच नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. अर्ज भरून टेबलावर ठेवला होता. मी दोनदा बोलून पाहिलं. "तुला काय कळतंय, तुला येऊन वर्ष नाही झालं," म्हणाले. तेही खरंच होतं. शुक्रवारी जेवणं झाली, ते आडवे झाले, तुम्ही कामावर होतात. मी चपला हातात घेतल्या आणि निघाले. तुमची वाट बघावी असं मनात आलं होतं. पण तुम्ही आला असतात तर माझा पाय निघाला नसता.

तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता. तिची आई तापाने गेली तेव्हापासून तिला तुम्हीच वाढवलंत. त्या घरात मणी मुकी आहे असं न वाटणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

आणि ती मुकी नव्हतीच. इथे आल्यावर सात महिन्यांनी बोलली. मला नुकतीच रेकॉर्ड रूममध्ये नोकरी लागली होती. तिला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्या टेबलाखाली बसून रद्दी कागदांच्या घड्या घालायची. एकदा मी गडबडीत तिच्या घड्या उचलून कचऱ्यात टाकायला निघाले आणि खालून आवाज आला, "नको." एकदम स्पष्ट, मोठ्या बाईसारखा. मी फायलींसकट खाली बसले. मोठे डॉक्टर दारात उभे होते, तेही खाली बसले. त्यानंतर ती जी बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. लिफ्टमध्ये अडकलेली माणसंसुद्धा तिच्या बोलण्याला कंटाळून बाहेर येत असतील.

तिचा एक फोटो पाठवते. डोक्यावर पिवळी टोपी घातलेली ती मणी.

आता जे जिभेवर येत नाही ते लिहिते. तिला काहीही माहीत नाही. शाळेत नाव घालताना आईच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि पुढे सगळे कागद त्यावरूनच झाले. ती तान्ही असताना वडील समुद्रात बुडाले, असं मी तिला सांगितलंय. तिला मी तिची सख्खी आई वाटते. तेव्हा वन्सं, वहीत काही निघालं तर ते आपल्या दोघींतच राहू द्या.

तुमची वहिनी

*

२१ मार्च

वहिनी,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं. फोटो मात्र सुलटा ठेवला.

वही सापडली, कोरडी होती. साहेबांनी माझ्यासमोर उघडली. तक्रार आहे आणि अजून उघडी आहे. "मुलगी, वय चार वर्षे, बोलत नाही, उजव्या भुवईवर व्रण, सावत्र आईसह बेपत्ता." तुझं नाव 'संशयित' या शब्दापुढे लिहिलंय. आणि खाली सही आहे ती भावाची नाही. माझी आहे.

तू इतकी वर्षं त्याला दोष देत आलीस, म्हणून स्पष्टच लिहिते. तक्रार मी केली. त्या दिवशी पाच वाजता घरी आले तर भाऊ टेबलाशी बसला होता. "गेली," एवढंच म्हणाला. मला वाटलं, फिरायला गेलात. मी दोन ताटं झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाकलेलीच होती. मग मी ठाण्यावर गेले. भाऊ आला नाही.

आणखी एक. संस्थेचा तो अर्ज तू नीट वाचला नसशील. भावाचं अक्षर लागत नसे, म्हणून तो मी भरला होता. 'मुलीस समज नाही' हे शब्द माझ्या हातचे आहेत. ती मुकी न वाटणारी मी एकटी होते, असं तू लिहिलंस. ते वाचल्यावर पत्र पालथं घालण्यावाचून दुसरं काय करणार? तिला समज होती हे मला ठाऊक होतं. भाऊ म्हणाला तसं लिहिलं. त्या घरात तो म्हणेल ते मी लिहीत असे.

तो जायच्या आदल्या वर्षी एकदा दुपारी आम्ही दोघं खिडकीशी बसलो होतो. बाहेर असंच धुकं होतं. तो मध्येच म्हणाला, "मी जागा होतो."

मी म्हटलं, "कधी?"

"ती चपला हातात घेऊन निघाली तेव्हा. मणीने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले."

"अडवलं का नाहीस?"

"म्हटलं, ही नेतेय तर नेऊ दे. माझ्याच्याने झालं नसतं."

सव्वीस वर्षं हे त्याने पोटात ठेवलं आणि मला सांगून झाल्यावर चहा मागितला. मी दिला. पण त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

आता कामाचं. तक्रार उघडी असेपर्यंत तुला दाखला मिळणार नाही. साहेबांनी दोन वाटा सांगितल्या. एक, तक्रार देणाऱ्याने, म्हणजे मी, लिहून द्यायचं की तक्रार खोटी होती, मुलगी माझ्या संमतीने नेली होती. दोन, हरवलेल्या व्यक्तीने स्वतः येऊन सही करायची की मी सापडले आहे, सुखरूप आहे. मी विचारलं, "तिला नेलं हे खरं आणि नेलं ते बरं झालं, असं लिहिता येईल का?" साहेब म्हणाले, "बाई, असा रकाना नाही."

दुसऱ्या वाटेने गेलं तर मणीला सगळं सांगावं लागेल. पहिलीत नाही. मी आयुष्यात पाण्याची उंची अर्धं बोटसुद्धा खोटी लिहिलेली नाही. पण तू म्हणशील तर हे लिहीन.

नणंद

*

२९ मार्च

वन्सं,

लिहून द्या.

तुम्ही केलीत, तुम्हीच पुसा. तेहतीस वर्षं मी पोलीस दिसला की रस्ता ओलांडला. मणीला शाळेच्या एकाही सहलीला धाडलं नाही, का, तर वर्तमानपत्रात फोटो येईल. तिसरीत ती धावण्यात पहिली आली, तेव्हा बक्षीस घ्यायला तिला व्यासपीठावर जाऊ दिलं नाही. दोन दिवस जेवली नव्हती पोर. मनातल्या मनात मी तुमच्या भावाला शिव्याशाप देत राहिले आणि तुमची आठवण आली की माझे डोळे भरायचे. आज कळलं की सगळं उलटं होतं.

आणि तो अर्ज. "भाऊ म्हणाला तसं लिहिलं." बरं.

काम झालं की दोन ओळींत कळवा. त्याहून जास्त लिहू नका.

*

११ एप्रिल

वहिनी,

दोन ओळींत मावत नाही, म्हणून चार लिहिते.

जबाब लिहून साहेबांकडे दिला. त्यांनी वाचला. सही वरिष्ठांसमोर करायची आहे, ते २८ तारखेला येणार. त्यानंतर आठ दिवसांत तुझा दाखला निघेल. खोटी तक्रार दिली म्हणून माझ्या नावावर नोंद होईल, एखाद्या तारखेला कोर्टातही उभं राहावं लागेल. साहेबांनी ते तीन वेळा सांगितलं, मला ऐकू गेलं नाही असं त्यांना वाटलं. दाखल्याच्या खिडकीवरल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्हाला असा दाखला मिळणार नाही, लक्षात घ्या." म्हटलं, "मी कुठे चाललेय?"

रागावलीस ते बरोबर आहे. धावण्याचं मला माहीत नव्हतं. पहिली आली?

फोटो परत पाठवत नाही.

नणंद

*

१९ एप्रिल, जलद टपालाने

वन्सं,

सही करू नका. हे पत्र २८च्या आधी पोचू दे, दुसरं काही मागत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी घरभर फिरत होते. मागचं पत्र रागाने लिहिलं, त्यातला राग खरा होता. पण तुम्ही सहासष्टाव्या वर्षी कोर्टात उभ्या राहणार आणि मी तिकडे परदेशी मणीच्या बाल्कनीत बसून झाडांना पाणी घालणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. आधीच मी तुमच्याकडून एक मूल नेलंय. आता तुमचं नावही न्यायचं?

मी मणीला फोनवर सांगितलं.

तिच्याकडे सकाळ होती, ती कामावर निघाली होती. मी सुरुवात केली, "मणी, तुझ्या कागदांत एक चूक आहे." मग जसं आठवेल तसं सगळं सांगितलं. आधीचं मागे, मागचं पुढे. ती एक अक्षर बोलली नाही. तुम्हाला काय सांगू, तेहतीस वर्षांनी तिचं ते गप्प बसणं मी पुन्हा ऐकलं. मी म्हटलं, "फोन ठेवू का?" तेव्हा म्हणाली, "ठेवू नकोस. चालू राहू दे."

तिने फोन खिशात टाकला आणि कामाला लागली. तासभर मी तिच्या खिशात होते. दारं उघडत होती, मिटत होती. मध्येच लिफ्ट वर जातानाचा तो गुणगुणल्यासारखा आवाज, साखळ्यांचा खणखणाट, कोणाचं तरी "गुड मॉर्निंग". मी इथे माझ्या खोलीत डोळे मिटून बसले होते आणि खरोखर वर वर चालल्यासारखं वाटत होतं. अंगाला वजनच नव्हतं. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटायला लागलं.

मग कुठल्याशा मजल्यावर सगळं थांबलं आणि तिचा आवाज आला. "चपला हातात घेतल्या होत्यास?"

"हो."

"आणि मी? मी रडले होते?"

"नाही. तू माझी मान धरून ठेवली होतीस."

ती म्हणाली, "मग मलाही यायचं होतं."

आणि मग रडली. मीही रडले. मग ती तावातावाने भांडली. तेहतीस वर्षांचं एकदम भांडली. एवढं मोठं माझ्यापासून लपवलंस, मी काय परकी होते का, मला माझ्या बापाला एकदा बघायचं असतं तर. ते मी तिच्यापासून कायमचं घेतलं आणि त्याला कुठलाच कागद नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सही ती स्वतः येऊन करणार. थेट तुमच्याकडे, एकटी. "तू येऊ नकोस," म्हणाली, "तू असलीस की मी तुझ्याकडेच बघत बसेन." तुम्हाला काय म्हणायचं असंही विचारत होती. मी म्हटलं, "आत्या म्हण. आणि डाव्या बाजूने बोल."

मागच्या पत्रात मी जे बोलले ते परत घेत नाही, पण त्याच्यावरच थांबतही नाही. तिला तुमच्याकडे पाठवते आहे, यावरून काय ते समजा. मनात धाकधूक आहेच. ती तुम्हाला काय विचारेल आणि तुम्ही काय सांगाल, कोण जाणे. पण खरं तेच सांगा. पाण्याची उंची सांगता तसं.

तुमची वहिनी

*

१० मे

वहिनी,

तुझं पत्र २६ला मिळालं होतं. २८ला मी ठाण्यावर गेले आणि माझा जबाब परत मागितला. साहेबांनी तो इतक्या चटकन दिला की ते वाटच बघत असावेत.

मणी मंगळवारी आली. तिच्याबरोबरच हे पत्र पाठवते आहे, म्हणजे मधल्यामध्ये हरवायला नको.

ती येणार म्हणून मी सकाळी धक्क्यावर गेले नाही. गेल्या कित्येक वर्षांत वहीतला तो पहिला रिकामा दिवस. दार उघडलं तर धुक्यात एक उंच बाई उभी. एका हातात बॅग, दुसरा हात भिंतीवर. आमच्या दाराची चौकट ती खालपासून वरपर्यंत बघत होती, लिफ्ट तपासावी तशी. मला म्हणाली, "हे दार डावीकडे झुकलंय." मी म्हटलं, "झुकलंय, पण लागतं." मग ती आत आली. वाकून नमस्कार करायला लागली. मध्येच तिचं काय झालं कोण जाणे, तशीच खाली बसली आणि माझे पाय धरून ठेवले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे केस तिच्या आईसारखे आहेत. पहिल्या आईसारखे म्हणते. दोन आयांचा हिशेब लिहिताना जरा गोंधळ होणारच.

दुपारी ठाण्यावर गेलो. साहेबांनी वही उघडली, चष्मा लावला आणि तिची उजवी भुवई न्याहाळली. "व्रण आहे," म्हणाले. मग बोट पुढच्या शब्दावर नेलं. "पण इथे 'बोलत नाही' असं लिहिलंय." मणीने तोंड उघडलं. तू तिला काय घालून वाढवलंस गं? वही तळघरात ठेवणं कसं धोक्याचं आहे इथून सुरू झाली आणि ठाण्याच्या जिन्यातल्या तुटक्या पायरीवर आली. शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "पटली, ओळख पटली."

तिने तिच्या हाताने लिहिलं, "मी सापडले आहे. मी सुखरूप आहे. मला पळवून नेलेले नसून सांभाळून नेले होते." साहेब म्हणाले, शेवटचं वाक्य नको, त्याला रकाना नाही. ती म्हणाली, "मग कडेला लिहिते." आणि कडेला लिहिलं. साहेबांनी खाली 'शोध बंद' असा शिक्का मारला आणि त्याच वेळी शिंकले, म्हणून शिक्का जरा वाकडा उमटलाय. तुझ्या दाखल्यावर सही झाली. तो मणीकडे आहे. आता जा बिनघोर.

घरी आल्यावर तिने सगळ्या खोल्या पाहिल्या. काही आठवतंय का, विचारलं. म्हणाली, "आठवत नाही. पण पाण्याचा आवाज झोपेत ऐकल्यासारखा वाटतो." भावाचे फोटो होते तेवढे तिच्यासमोर ठेवले. एकेक खिडकीशी नेऊन पाहत बसली. तो जागा होता हे तिला तू सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. तू खरं सांगायला सांगितलं होतंस, आणि तो भाग सांगायचा हक्क माझा होता. ती म्हणाली, "मी खांद्यावरून बघितलं होतं?" आणि कितीतरी वेळ गप्प बसली. मी घाबरले नाही. ती गप्प बसली की आत काय चालतं, ते मला पहिल्यापासून कळायचं. अर्ज मी भरला हेही सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, तोच लिहायचा हात, बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. माफ केलं का ते बोलली नाही. मी विचारलं नाही.

आज निघायची वेळ झाली. बॅग खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, एक विचारू? बाबा जागे होते हे कळल्यावर तरी तुम्ही तक्रार मागे का घेतली नाहीत?"

मी म्हटलं, "तक्रार मागे घेतली की शोध बंद होतो."

"म्हणजे ते मला खरंच शोधत होते?"

"ते कसले शोधतायत? पहिली बारा वर्षं मी दर महिन्याला ठाण्यावर जाऊन विचारत होते. पुढे तिथली माणसं बदलली, मलाही कमी ऐकू यायला लागलं. मग जाणं सुटलं. पण फाईल उघडी होती. कोणीतरी तुला शोधतंय, असं कागदावर तरी होतं."

तिने मग बॅग खाली ठेवली. "इतकी वर्षं," एवढंच म्हणाली. तिथेच उंबऱ्यावर बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आजची गाडी जाऊ दे."

आत्ता ती आतल्या खोलीत झोपली आहे. तिने तुला फोन केलाच असेल, हे पत्र तर तिच्याबरोबरच पोचेल. तरीसुद्धा लिहिते. मूल एका घरातून दुसऱ्या घरी गेलं की कोणीतरी असं कळवायचं असतं. मला ते कोणी कळवलं नव्हतं, म्हणून मी तुला कळवते.

मुलगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. जेवली आहे. उद्याच्या गाडीने पाठवते.

तुझी नणंद